लसीमुळे इजा झाली, तर भरपाई कोण देणार? एका प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

“डॉक्टर, लस घेतल्यावर काही झालं तर जबाबदार कोण?”

कोविडच्या काळात हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून विचारला गेला नसेल. बहुतेकांना त्याचं वैद्यकीय उत्तर हवं असतं. ताप किती दिवस राहील, हात दुखला तर कुठली गोळी घ्यायची, वगैरे. ते उत्तर सोपं आहे. पण काही जणांच्या मनात वेगळाच प्रश्न असतो. समजा, लाखात एखाद्यालाच होणारी गोष्ट नेमकी माझ्या मुलाला झाली, तर त्याच्या उपचारांचा आणि पुढच्या आयुष्याचा खर्च कोण करणार?

हा प्रश्न विचारणारा माणूस लसविरोधी असतो असं नाही. उलट तो मुलाला लस द्यायला दवाखान्यात आलेला असतो. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि जगातल्या अनेक देशांनी त्याचं उत्तर शोधताना बरीच दशकं घालवली आहेत. आज तो इतिहास पाहू. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवातीला सगळे विचारत होते, “दोष कुणाचा?” हळूहळू काही देश विचारू लागले, “भार कुणी उचलायचा?” सगळा फरक ह्या दोन प्रश्नांत आहे.

आधी थोडं वैद्यकशास्त्र

लस घेतल्यानंतर काही त्रास झाला, की त्यामागे साधारण चार शक्यता असतात.

१. लस नीट बनलेली होती, नीट दिली गेली, तरीही तिचा दुर्मिळ दुष्परिणाम झाला. उदाहरणार्थ, तीव्र अॅलर्जी.
२. लस बनवतानाच काही दोष राहिला.
३. लस चांगली होती, पण साठवताना किंवा देताना चूक झाली.
४. त्रास लसीमुळे नव्हताच. तो त्याच सुमारास होणार होता आणि योगायोगाने लसीनंतर झाला.

भीतीची किंवा सुईच्या धसक्याची प्रतिक्रिया ही पाचवी शक्यता. मोठ्या मुलांना चक्कर येते ती बहुधा ह्यामुळे.

कुटुंबाच्या दृष्टीने हे सगळं सारखंच दिसतं. काल मूल हसत-खेळत होतं, लस दिली, आज ते आजारी आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ह्यातल्या प्रत्येक शक्यतेचं उत्तर वेगळं असतं. पुढच्या प्रत्येक प्रसंगात ह्यातली कुठली शक्यता होती, हे पाहत चला.

मुंबईची लस, पंजाबातलं गाव

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि तिथून देशभर लस जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल ह्या गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. लसीच्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. साधारण आठवड्याभरात १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, लस दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिनने निर्जंतुक करण्याची पद्धत बदलून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं गेलं. त्याला पदावरून दूर केलं गेलं.

पण साक्षीपुराव्यात आणखी एक गोष्ट होती. मुलकोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याला माहीत आहे. मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिनची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या शेवटी हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्याचंच नाव दिलं गेलं. तीच आजची हाफकिन संस्था.

म्हणजे वरच्या यादीतली दुसरी शक्यता की तिसरी, हे ठरवण्यात पाच वर्षं गेली. ती पाच वर्षं प्रश्न एकच होता. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा की पंजाबातल्या चिमट्याचा? एका शास्त्रज्ञाच्या बाबतीत न्याय झाला, उशिरा का होईना. पण चिमटा दोषी ठरला काय किंवा प्रयोगशाळा दोषी ठरली काय, १९ घरांचं नुकसान तेवढंच होतं. वादाचा विषय तो नव्हता.

जर्मनीचा वेगळा विचार

ह्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याची सुरुवात जर्मनीत झाली. तिथे १८७४ पासून देवीची लस सक्तीची होती. १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. त्याचा आशय असा: सरकार जेव्हा सगळ्यांच्या भल्यासाठी एखादी गोष्ट सक्तीची करतं आणि त्यात एखाद्यालाच इजा होते, तेव्हा त्या माणसाने समाजासाठी इतरांपेक्षा जास्त त्याग केलेला असतो. त्या त्यागाची भरपाई समाजाने केली पाहिजे.

इथे कुणाच्याही चुकीचा शोध नाही. ना डॉक्टरच्या, ना कंपनीच्या. १९६१ मध्ये हा विचार जर्मनीच्या कायद्यात आला. १९६०च्या दशकात फ्रान्सने आणि १९७०च्या दशकात जपाननेही सरकारी भरपाईची व्यवस्था केली.

लसीचा विचार करताना हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपण रक्तदाबाची गोळी घेतो ती स्वतःसाठी. लस मात्र स्वतःबरोबर शेजारच्यासाठीही असते. गोवराची लस घेतलेलं मूल वर्गातल्या त्या मुलालाही वाचवतं, ज्याला कॅन्सरच्या उपचारांमुळे लस देता येत नाही. फायदा जर सगळ्यांत वाटला जातो, तर क्वचित होणारं नुकसान एकाच घराने का सोसायचं?

१९५५: पोलिओच्या लसीत जिवंत विषाणू

१२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत जोनास सॉल्क ह्यांची पोलिओची लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं आणि त्याच दिवशी कंपन्यांना परवाने मिळाले. ह्या लसीत पोलिओचा विषाणू फॉर्माल्डिहाइडने मारलेला असतो. दोन आठवड्यांतच बातम्या येऊ लागल्या की लस घेतलेल्या मुलांना लकवा होतोय, आणि तोही बहुधा ज्या हातात किंवा पायात सुई टोचली तिथूनच सुरू होतोय. ह्यातली बहुतेक मुलं कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीज ह्या कंपनीची लस घेतलेली होती. २७ एप्रिलला कंपनीने लस परत मागवली.

कटरच्या काही बॅचमध्ये विषाणू पूर्ण मेलेला नव्हता. गाळण्याच्या प्रक्रियेत पेशींचे बारीक गठ्ठे मागे राहिले आणि त्यांच्या आड लपलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्माल्डिहाइड पोचलं नाही. लस घेतलेली मुलं आणि त्यांच्या संपर्कातले लोक मिळून १६४ जणांना गंभीर लकवा झाला, १० जण दगावले.

खटला उभा राहिला. मेल्विन बेलाय ह्या नामांकित वकिलाने लकवा झालेल्या मुलांची बाजू मांडली. जानेवारी १९५८ मध्ये ज्यूरीचा निकाल आला तो दुहेरी होता. कंपनीने हलगर्जीपणा केला नाही, कारण त्या वेळच्या सरकारी नियमांनुसार आणि ज्ञानानुसार तिने लस बनवली होती. तरीही कंपनीने भरपाई द्यायची, कारण लस विकताना ‘ही सुरक्षित आहे’ अशी हमी न बोलता दिलेली असते आणि ती हमी मोडली. १९६० मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर हा न्यायच होता. दुसऱ्या शक्यतेत, म्हणजे लस बनवतानाच दोष राहिलेला असताना, आपणही असाच निकाल द्यावा असं म्हणू. ह्या घटनेनंतर लसीच्या तपासणीचे सरकारी नियमही खूप कडक झाले. पण ह्या निकालाने एक दार उघडलं. हलगर्जीपणा सिद्ध न होताही कंपनीकडून भरपाई घेता येते, हे दिसलं. पुढे ह्या दारातून अशीही प्रकरणं आत आली जिथे लसीत दोषच नव्हता.

१९७६: विमा कंपन्यांचा नकार

१९७६ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या एका लष्करी तळावर स्वाइन फ्लू आढळला. १९१८ सारखी साथ येईल ह्या भीतीने अमेरिकन सरकारने सगळ्या देशाला लस द्यायचं ठरवलं. पण विमा कंपन्यांनी लस उत्पादकांना विमा द्यायला नकार दिला. विम्याशिवाय कंपन्या लस द्यायला तयार होईनात. शेवटी संसदेने कायदा केला की ह्या लसीबद्दलचे दावे कंपनीवर करायचे नाहीत, सरकारवर करायचे.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ४ कोटींहून जास्त लोकांनी लस घेतली. साथ आलीच नाही. पण काही जणांना गियाँ-बारे सिंड्रोम झाला. ह्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते आणि पायांपासून अशक्तपणा वर चढत जातो. लस घेतलेल्या दर एक लाख लोकांमागे साधारण एक जादा रुग्ण, असं प्रमाण निघालं. डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. सरकारवर हजारो दावे झाले आणि कोट्यवधी डॉलर द्यावे लागले.

ही आपल्या यादीतली पहिली शक्यता. लस नियमाप्रमाणे बनली होती, नीट दिली होती, तरी काहींना खरी इजा झाली. दोषी शोधायला गेलं तर कुणी सापडत नाही, पण माणूस व्हीलचेअरवर आहे. ‘दोष कुणाचा’ हा प्रश्न इथे अपुरा पडतो.

डांग्या खोकल्याची लस आणि घाबरलेले आईबाप

सगळ्यात अवघड प्रकरण पुढचं आहे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात ह्यांच्या एकत्रित लसीला आपल्याकडे ‘ट्रिपल’ म्हणतात. तिच्या जुन्या प्रकारात डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जिवाणू असतात. त्यामुळे ताप, सूज, रडणं हे त्रास बरेच होतात. तापामुळे काही मुलांना झटकाही येतो.

१९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ३६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ट्रिपलनंतर त्यांना मेंदूचा त्रास सुरू झाला होता. ब्रिटनमध्ये घबराट पसरली. लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं. १९७७ ते १९७९ मध्ये डांग्या खोकल्याची साथ आली आणि एक लाखाहून जास्त रुग्णांची नोंद झाली. लस न दिल्यामुळे मुलं दगावली, ही गोष्ट मात्र लसीच्या बातम्यांइतकी ठळक छापून आली नाही.

ब्रिटनने १९७९ मध्ये लसीमुळे होणाऱ्या गंभीर अपंगत्वासाठी कायदा केला. सुरुवातीला एकरकमी १० हजार पौंड मिळत. आज ती रक्कम १ लाख २० हजार पौंड आहे. त्यासाठी अपंगत्व ६० टक्के तरी असावं लागतं.

अमेरिकेत १९८२ मध्ये ट्रिपलच्या धोक्यांवर दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला आणि दाव्यांची रांग लागली. काही सेंटला मिळणारा डोस थोड्याच वर्षांत दहा डॉलरच्या पुढे गेला. एकामागून एक कंपन्या बाजारातून बाहेर पडल्या. १९८४ च्या अखेरीस तुटवडा इतका झाला की मोठ्या मुलांचे बूस्टर डोस पुढे ढकला, असा सल्ला सरकारी आरोग्य यंत्रणेला द्यावा लागला.

मग खरंच ट्रिपलमुळे मेंदूला कायमची इजा होत होती का? १९८८ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दीर्घ सुनावणीनंतर म्हटलं, की हे सिद्ध झालेलं नाही. आणि २००६ मध्ये एक डोळे उघडणारा अभ्यास आला. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानल्या गेलेल्या १४ जणांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा ११ जणांमध्ये एससीएन१ए ह्या जनुकात बदल सापडला. ह्या बदलामुळे ‘ड्रावे सिंड्रोम’ नावाचा तीव्र अपस्माराचा आजार होतो. त्याचे झटके साधारण पहिल्या वर्षात, म्हणजे नेमके ट्रिपलचे डोस सुरू असतात त्याच वयात, सुरू होतात. लसीच्या तापाने पहिला झटका थोडा लवकर आला असेल, पण आजार जन्मापासून मुलात होता.

ही चौथी शक्यता, योगायोग. त्या आईबापांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते तसंच घडलं होतं. फक्त ‘लसीनंतर’ आणि ‘लसीमुळे’ ह्यांतलं अंतर ओळखणारी तपासणी तेव्हा नव्हती.

१९८६: अमेरिकेने काढलेला तोडगा

अमेरिकेत तीन गटांची तीन दुखणी होती. पालकांना वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागत आणि शेवटी काय मिळेल ह्याची खात्री नसे. कंपन्या लस बनवणं सोडत होत्या. बालरोगतज्ज्ञांना उद्या लस मिळेल की नाही हे माहीत नव्हतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये ह्यातून एक कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. ती कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे.

- पैसा कुठून येतो? लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते तितके वेळा ७५ सेंट कर लागतो. एका रोगाच्या लसीवर ७५ सेंट, तीन रोगांच्या लसीवर सव्वादोन डॉलर. म्हणजे लस घेणारा प्रत्येक जण थोडं थोडं देतो आणि ज्याला इजा झाली त्याला त्यातून मिळतं.
- निवाडा कोण करतं? ज्यूरी नसते. ‘स्पेशल मास्टर’ म्हणजे ह्याच कामासाठी नेमलेले निवाडा अधिकारी. पालकांनी आधी त्यांच्याकडेच जायचं. निकाल मान्य नसेल तर काही मर्यादेत नंतर कोर्टात जाता येतं.
- काय सिद्ध करायचं? एक तक्ता आहे. अमुक लसीनंतर अमुक वेळेत अमुक त्रास झाला, तर तो लसीमुळेच असं धरून चालायचं. उदाहरणार्थ, ठरावीक लसींनंतर ४ तासांच्या आत आलेली तीव्र अॅलर्जी, किंवा फ्लूच्या लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत झालेला गियाँ-बारे. त्रास तक्त्यात नसेल तर पुरावा आपण द्यायचा.
- किती मिळतं? उपचार, संगोपन आणि बुडालेली कमाई ह्यांची भरपाई. वेदनांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, मृत्यू झाल्यास अडीच लाख डॉलर.
- वकिलाचा खर्च? दावा प्रामाणिक आणि सयुक्तिक असेल तर हरल्यावरही निधीतून दिला जातो.
- मुदत? पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं.

सुरुवातीपासून आतापर्यंत ह्या योजनेतून ५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली आहे. २००६ पासूनचा हिशोब पाहिला तर दर दहा लाख डोसमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळाली आहे. त्यातही बरीचशी प्रकरणं तडजोडीने मिटली, म्हणजे लसीमुळेच इजा झाली असं ठरलेलं नसतानाही. त्यामुळे भरपाईची रक्कम दाखवून ‘बघा, लसी किती घातक’ असं म्हणणारे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांना फारसा अर्थ नाही. शंकेचा फायदा कुटुंबाला द्यायचा, असंच ह्या योजनेचं धोरण आहे.

पण शंकेचा फायदा म्हणजे काहीही मान्य करणं नव्हे. लसीमुळे ऑटिझम झाला असा दावा करणारी पाच हजारांहून जास्त कुटुंबं ह्या योजनेकडे आली. नमुन्यादाखल काही प्रकरणं सविस्तर ऐकली गेली आणि २००९ व २०१० मध्ये ती सगळी फेटाळली गेली, कारण पुरावा टिकला नाही.

ह्याच कायद्याने तीन चांगल्या सवयीही लावल्या. लस देण्याआधी पालकांना माहितीपत्रक द्यायचं, बॅच नंबर लिहून ठेवायचा आणि त्रासाची नोंद सरकारी यंत्रणेकडे करायची. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेत कमी त्रास देणारी ‘एसेल्युलर’ ट्रिपल आली. आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत ‘न दुखणारी ट्रिपल’ म्हणतात ती हीच.

योजना परिपूर्ण नाही. तक्त्याबाहेरची प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात, आणि १९८६ मध्ये ठरलेली अडीच लाखांची मर्यादा आजच्या महागाईत तोकडी आहे. कोविडच्या लसी तर ह्या योजनेत घेतल्याच नाहीत. त्या आणीबाणीसाठीच्या दुसऱ्या योजनेखाली ठेवल्या. तिथे दाव्याची मुदत एकच वर्ष आहे आणि भरपाई मिळालेले लोक फार थोडे आहेत.

आपल्याकडे काय?

२०१८ पर्यंत जगात २५ देशांत दोष न शोधता भरपाई देण्याची अशी काही ना काही सोय होती. त्यातले बहुतेक श्रीमंत देश. कोविडच्या वेळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या ९२ देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तात्पुरती योजना उभी केली, हे नवीन पाऊल होतं.

भारतात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू आहे. लसीनंतरच्या त्रासाची नोंद आणि तपासणी करण्याची यंत्रणाही आहे. तिला ‘एईएफआय’ म्हणतात. जिल्हा, राज्य आणि देश पातळीवरच्या समित्या प्रत्येक गंभीर प्रकरण तपासून वरच्या चारपाच शक्यतांपैकी कुठली, ते ठरवतात. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने कोविड लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याची २६ संभाव्य प्रकरणं नोंदवली. दर दहा लाख डोसमागे ०.६१ असं त्यांचं प्रमाण होतं. म्हणजे तपासणी होते. पण समितीचं काम कारण ठरवण्याचं आहे, भरपाई देण्याचं नाही. नियमित लसीकरणाबरोबर अमेरिकेसारखा निधी आणि निवाडा अधिकारी आपल्याकडे उभे राहिले नाहीत.

ह्यात एक विसंगती आहे. तीच लस तुम्ही चाचणीत स्वयंसेवक म्हणून घेतली, तर २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई देणं प्रायोजकावर बंधनकारक आहे. चाचणी संपून लस सगळ्यांसाठी आली, की हे संरक्षण संपतं.

मग मार्ग कुठले? जिथे चूक उघड आहे तिथे गोष्ट तुलनेने सोपी असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं बरी झाली. ही तिसरी शक्यता, आणि इथे जबाबदारी कुणाची हे कुणालाही कळतं. खाजगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली असेल आणि ती देण्यात हलगर्जीपणा झाला असेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाबद्दलही तरतूद आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सगळ्यांना सगळी सेवा मोफत मिळते अशी सरकारी रुग्णालयं ह्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि देशातली बहुतेक मुलं लस घेतात ती सरकारी केंद्रातच. त्यांच्यासाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हे मार्ग उरतात.

२०२२ मध्ये कोविड लसीनंतर मृत्यू झालेल्या दोन तरुण मुलींच्या पालकांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटलं की लस ऐच्छिक होती, सरकारवर थेट जबाबदारी टाकता येणार नाही आणि पालक दिवाणी न्यायालयात दावा करू शकतात. ब्रिटनमध्ये मात्र अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर गुठळ्या झालेल्या काही कुटुंबांना १९७९ च्या त्या जुन्या कायद्यानेच रक्कम मिळाली. हीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशिल्ड नावाने बनवली होती.

दिवाणी दाव्यात पुन्हा तोच प्रश्न येतो, दोष कुणाचा? लस नीट बनवली, नीट दिली आणि तरीही लाखात एकाला इजा झाली, तर त्या कुटुंबाने कोर्टात बोट कुणाकडे दाखवायचं? म्हणूनच दोष न शोधता भरपाई देणारी कायमची व्यवस्था आपल्याकडे असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या देशात एका पोलिओ रविवारी कोट्यवधी मुलांना थेंब पाजता येतात, त्या देशाला प्रत्येक डोसमागे काही पैसे बाजूला ठेवणं अशक्य नाही. अशी व्यवस्था लसीवरचा विश्वास कमी करत नाही. आईला जर माहीत असेल की काही विपरीत झालंच तर आपण एकटे पडणार नाही, तर ती मुलाला अधिक निर्धास्तपणे केंद्रावर आणेल.

तुम्ही काय करायचं?

- लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. तीव्र अॅलर्जी बहुधा ह्याच वेळात होते आणि तिच्यावर तातडीने उपचार करता येतात.
- लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. त्यावर लसीचं नाव, तारीख आणि शक्य असेल तर बॅच नंबर लिहून घ्या. मुलकोवालचं कोडं बाटलीच्या क्रमांकामुळेच उलगडू लागलं, हे आठवा.
- गंभीर त्रास झाला तर त्याच दिवशी डॉक्टर, आशाताई, नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि एईएफआयची नोंद झाली का ते विचारा. औषधांच्या व लसींच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे.
- डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. त्रास कधी सुरू झाला, ती तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.
- मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. हे सांगणं मलाही जड जातं. पण त्याशिवाय खरं कारण कळत नाही आणि कुठलाही दावा टिकत नाही.
- कायदा आणि मुदती बदलतात. वकिलाकडे लवकर जा. ‘शंभर टक्के भरपाई मिळवून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

आणि शेवटची गोष्ट. हा लेख वाचून बाळाची लस पुढे ढकलू नका. ब्रिटनमध्ये ज्यांनी ती ढकलली, त्यांच्या मुलांनी डांग्या खोकला भोगला. लस वेळेवर द्या, कार्ड सांभाळा, शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.